पापुद्रेवाल्या बाई

संशोधन केंद्रात सगळे त्यांना पापुद्रेवाल्या बाई म्हणत. त्यात थट्टा कमी आणि दरारा जास्त. बाई हुद्द्याने साध्या तंत्रज्ञ. काम एकच: विजेला जराही न अडवणाऱ्या, म्हणजे अतिवाहक, काळ्या स्फटिकाला चिकटपट्टी लावायची आणि थर सोलत जायचं. केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या हिश्शाएवढा पापुद्रा उरला की तो दुसऱ्यावर तिरका ठेवायचा. झाला सांधा. हे सगळं हवाबंद पेटीत, जाड हातमोज्यांतून, गोठवणाऱ्या थंडीत. जरा रेंगाळलं की पापुद्र्यातला ऑक्सिजन उडून जायचा आणि सांधा मरायचा. बाईंच्या हातचे दहातले दोन जगत. बाकीच्यांचा एकही नाही.

एका वर्षी दोन सांध्यांनी नवल केलं. एरवी चुंबक लावल्याशिवाय जे घडत नाही ते घडलं: वीज एका बाजूने बिनबोभाट जाई, उलट्या बाजूने अडखळे. विभागाचे सर हरखून गेले. त्यांनी लगेच शोधनिबंध लिहायला घेतला.

बाईंनी दोन्ही सांधे सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिले. त्या सरांच्या खोलीत गेल्या.

"सर, दोन्हींत पापुद्र्याच्या कडेला घडी पडलीय. वीज तिथून वळसा घेत असणार. बिनघडीचे सात सांधे आहेत, त्यांत असलं काही दिसत नाही."

"ते सात नीट बनले नसतील."

"तेच नीट बनलेत, सर."

सर हसले. "बाई, तुम्ही सोला. अर्थ आम्ही लावतो."

बाईंनी आपल्या कामाच्या वहीत घडीची नोंद केली, तारीख घातली आणि पुन्हा पेटीपाशी जाऊन बसल्या. निबंध गाजला. शेवटी आभारांच्या यादीत त्यांचं नाव होतं. त्यांच्या आईने भिंग लावून ते तीनदा वाचलं आणि शेजारणीला दाखवून आली.

दोन वर्षांनी दुसऱ्या संस्थेतल्या एका गटाने तसेच सांधे करून पाहिले. नवल काही दिसेना. विचारणा सुरू झाली, तेव्हा सरांनी खुलासा छापला: नमुने बनवताना तंत्रज्ञाकडून घड्या राहून गेल्या आणि ही बाब संशोधकांना कळवण्यात आली नाही.

बाई वही घेऊन संचालकांकडे गेल्या. संचालकांनी घडीच्या नोंदीचं पान सावकाश वाचलं, वही मिटून परत दिली.

"तुम्ही लिहिलंय खरं. पण सरांना सांगितल्याचा पुरावा कुठाय?"

"मी तोंडावर सांगितलं होतं."

"मग अवघड आहे. हे बघा, तुमच्या नोकरीला धक्का नाही लागला ना? सरांची निवृत्ती तोंडावर आलीय. कशाला ताणता?"

घरी आईने विचारलं, "या वेळी काय छापलंय गं?" बाई म्हणाल्या, "तेच, कामाबद्दल." आणि खुलाशाचा कागद कपाटात टाकला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बदलीचा अर्ज दिला. तळमजल्यावर, द्रव नायट्रोजनचे थर्मास भरून देण्याच्या कामावर. कोणी अडवलं नाही.

आठ महिन्यांत वरच्या प्रयोगशाळेत एकही सांधा जगला नाही. एका सकाळी सर स्वतः थर्मास घेऊन खाली आले.

"बाई, पोरांना जमत नाहीये. आठवड्यातून दोन दिवस तरी या वर."

"माझ्याकडून घड्या राहतात, सर."

बाईंनी थर्मास भरला, झाकण बसवलं, रजिस्टर पुढे केलं. सरांनी सही केली आणि जिना चढून गेले.

या दिवसासाठी बाईंनी ते वाक्य कितीदा तरी मनात घोकलं होतं. वाटलं होतं, जीव थंड होईल. तसं काही झालं नाही. त्या दुपारी पाकिटाला लावायला म्हणून त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा कापला, तर बोटं थरथरली. पूर्वी कधीच थरथरत नसत. वर जायचं म्हटलं, तरी आता त्यांनाही जमलं नसतं.