शाहीनची भट्टी, काहींच्या मते

बैरूतजवळच्या डोंगरातल्या आमच्या ऐन-तूत गावाचं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात एक पान आहे. ते कोणीही लिहावं, कोणीही खोडावं. ज्याच्या हाती ससा तो पारधी, असा सगळा कारभार. मी, गावाची उस्ताजा म्हणजे बाई, शाळेच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून गावाने गृहीत धरलंय की त्या पानाची राखणदार मीच. झरा, तुतीची झाडं, रेशमाचा बंद पडलेला कारखाना, हे सगळं मी हौसेने लिहिलं तेव्हा तिकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं. नगरपालिकेची निवडणूक लागली आणि अख्ख्या गावाला लेखनाची उबळ आली.

वरच्या आळीतल्या शाहीन भट्टीवाल्याचा पुतण्या वाइल उमेदवार झाला, आणि लगेच पानावर एक ओळ उगवली: 'डोंगरातल्या युद्धाच्या काळात शाहीन यांच्या भट्टीत खालच्या आळीतील लोकांना डांबून ठेवले जात असे.' लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव घेतलं होतं 'डोंगरचा ससाणा'. खरं नाव लावायची छाती नाही, पण ससाणा!

शनिवारी सकाळी आमच्या बायका भट्टीवर वाडगं घेऊन जातात. झातरचा मसाला आपला, तेल आपलं. शाहीनने फक्त पीठ थापायचं, त्यावर ते पसरायचं आणि मनाकीशची भाकरी भाजायची. वाडगं फळीवर ठेवून बायका बाजारात निघून जातात. ज्याच्यापाशी असं वाडगं सोडून जाता येतं तो माणूस आपला, एवढी साधी गोष्ट. दोन्ही आळ्या एकमेकींवर उठल्या होत्या ते युद्ध संपून लोक परतल्यापासून त्या फळीवर दोन्ही आळ्यांची वाडगी एकमेकांना खेटून असायची. ती ओळ आली आणि खालच्या आळीची वाडगी यायची थांबली.

"उस्ताजा हियाम," अम्मो शाहीन, म्हणजे शाहीनकाका, मला म्हणाला, "आता मी काय दारोदार जाऊन विचारू? बाई गं, मी तुला डांबलं होतं का, असं?"

मी ओळ काढली. चहा संपायच्या आत ती परत हजर, आणि खाली बैरूतच्या एका पक्षाच्या बातमीपत्राचा संदर्भ. ते उघडून बघते तर तळाशी बारीक अक्षरात: माहिती ज्ञानकोशातील ऐन-तूतच्या पानावरून. म्हणजे आधी या ससाण्याने लिहायचं, त्यांनी याचं उचलायचं, आणि मग याने त्यांच्याकडे बोट दाखवायचं! पानामागच्या चर्चेत मी हे सगळं रागारागाने लिहिलं. तिथला देखरेखवाला, 'समतोल' नावाचा कोणी देवमाणूस, त्याने उत्तर दिलं: 'दोन्ही बाजूंनी संयम राखावा. छापील संदर्भ द्यावा. ऐकीव माहिती चालणार नाही.'

ऐकीव! मी तडक खालच्या आळीत उम्म तानियूसकडे, म्हणजे तानियूसच्या आईकडे, गेले.

"ऐकीव म्हणजे काय गं?" म्हातारी कडाडली. "मी होते ना भट्टीमागच्या त्या पिठाच्या खोलीत, आमच्या आळीच्या लोकांबरोबर लपलेली! नऊ महिन्यांचं पोट घेऊन. शाहीनच्या बायकोने माझी नाळ कापली, पोर पिठाच्या पोत्यात गुंडाळलं. बाहेर त्यांच्याच आळीची पोरं बंदुका घेऊन उभी, आणि शाहीन दारात उभा राहून त्यांना सांगतोय, आत उंदरांचं औषध टाकलंय, जाल तर मराल."

"सगळं कबूल, मावशी. पण छापलेलं पाहिजे म्हणतात."

"मग मला छाप!"

त्या पोत्यात गुंडाळलेलं पोर, म्हणजे तानियूस, समोरच सोफ्यावर पसरलं होतं. आता त्याला टक्कल पडलंय आणि तो वाइलच्या विरुद्ध पार्टीचा प्रचार करतो. मोबाइलमधून डोकं न काढता तो म्हणाला, "आई, तू बाळंतीण होतीस, घाबरलेली होतीस. तुला वाटलं लपवलंय. इथे स्वच्छ लिहिलंय, डांबलं होतं."

"अरे गाढवा, तू जन्मलास तिथे!"

"मला कुठे आठवतंय? म्हणून तर वाचायचं असतं."

माझ्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली. या माणसाला जिवंत आई समोर बसून सांगतेय, आणि हा ससाण्याचं ऐकतोय.

मी बैरूतच्या एका वार्ताहर मुलीच्या हातापाया पडले. ती आली, उम्म तानियूसची कॉफी प्यायली, मुलाखत फोटोसकट छापून आली. मी संदर्भ जोडला. समतोलने ससाण्याची ओळ काढली आणि पान चक्क खरं बोलायला लागलं. मी अम्मोला फोन करून सगळं वाचून दाखवलं. त्याने ते मला दोनदा वाचायला लावलं, आणि मला फार बरं वाटलं.

ते सुख एक रात्र टिकलं. दुसऱ्या दिवशी खालची आळी म्हणाली, वाइलने पेपर विकत घेतला. बंदुकवाली पोरं आपली म्हणून वरची आळी चिडून म्हणाली, ही बाई इतकी वर्षं गप्प का होती? गप्प! चाळीस वर्षं ती प्रत्येक बारशाला हेच सांगत आलीये. आमच्या लोकांचे कान बारशाला जेवणाच्या ताटात असतात. तानियूस रस्त्यात भेटला तर म्हणतो, "उस्ताजा, त्या पानावर आता कोण विश्वास ठेवणार? विकलं गेलंय ते."

"परवापर्यंत तर स्वच्छ लिहिलेलं होतं!"

"तेव्हा ते स्वतंत्र होतं."

आणि भाजीवाला हळूच बाजूला घेऊन काय म्हणाला? "तुझी तिथे वट दिसतेय. माझ्या आजोबांना त्या रेशीम कारखान्याचे मालक करून टाक ना." त्याचे आजोबा तिथे कोष उकळायचे.

शनिवारी भट्टीवर गेले. फळीवर वरच्या आळीची वाडगी, तीही मोजकीच. अम्मो म्हणाला, "हियाम, मला त्या पानावरून काढूनच टाक. ना चांगला, ना वाईट. भाकरी भाजणारा माणूस मी, मला कोशात कशाला घालता?"

"हा गोंधळ बघून कालच काढलं होतं, अम्मो. संदर्भ असलेला मजकूर विनाकारण वगळला म्हणून मलाच ताकीद आली."

तेवढ्यात उम्म तानियूस धापा टाकत आत आली. वाडगं फळीवर आदळलं आणि म्हणाली, "वाच. आता काय लिहिलंय?"

ससाण्याने रातोरात आणखी एक पेपर शोधून आणला होता आणि समतोलने न्याय केला होता. मी वाचलं: 'काहींच्या मते शाहीन यांनी खालच्या आळीतील लोकांना आसरा दिला, तर काहींच्या मते त्यांना डांबून ठेवले.'

"पहिले 'काही' म्हणजे मी," ती म्हणाली. "मी एकटीच. बाकीचे त्या खोलीतले सगळे गेले." मग तिने दाराकडे मान वळवली. बाहेर गाडीत तानियूस बसला होता, काच वर करून. आईला चढ चढवत नाही म्हणून सोडायला आलेला. "आणि दुसरे 'काही' ते तिथे बसलेत."

मला त्या गाडीची काच फोडावीशी वाटली. अम्मो शाहीनने तिच्या वाडग्यातला झातर दोन गोळ्यांवर पसरला, भाजून काढला, आणि एक मनाकीश कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"त्याला नेऊन दे," तो म्हणाला. "थंड झाली की चिवट होते."