जुन्या रेकॉर्डची घाई

ताईचा चेलो जगभर पोचला तो तिने ऐन पंचविशीत केलेल्या एका रेकॉर्डमुळे. वडील नुकतेच गेले होते आणि स्टुडिओ आधीच ठरलेला होता. संथ भागात गज लांबवला की तिचा हात थरथरायचा, म्हणून तिने तो भाग जवळजवळ पळतच उरकला. समीक्षकांनी त्या पळापळीला तारुण्याची आग म्हटलं. मग ती जाईल त्या हॉलमध्ये लोकांना तीच आग हवी असायची.

आता केस पिकले होते, हात स्थिर होता, आणि तो भाग कसा वाजवायचा हे तिला कुठे आत्ता उमगलं होतं. रेकॉर्ड कंपनीच्या हात धुऊन मागे लागून तिने तो पुन्हा रेकॉर्ड करायला घेतला. कधी खुर्ची करकरली, कधी एसीची घरघर आली, कधी तिचंच मन भरेना. शेवटी हवं तसं वाजलं तेव्हा काचेपलीकडच्या साउंड इंजिनिअरने ते लगेच पुन्हा लावून ऐकलं.

कंपनीच्या साहेबांनी ते ऐकून मान डोलावली आणि मग नुसती टोलवाटोलवी सुरू केली. अखेर तिचे कार्यक्रम ठरवणाऱ्या धाकट्या भावाला त्यांनी कळवलं, की नवं अप्रतिम आहे, पण तूर्त राहू द्या. जुनंच नव्या कव्हरमध्ये काढतोय. कव्हरवर फोटोही पंचविशीतलाच.

भाऊ हे सांगायला आला तेव्हा ती चेलोच्या तारा पुसत होती. तिने आदळआपट केली नाही.

"तुला कुठलं आवडतं? खरं सांग."

त्याने हातातला पाण्याचा ग्लास उगाच फिरवला. "नवं चांगलं आहे, ताई. पण गाडीत मी जुनंच लावतो."

"अरे, ते वादन नाहीये. मी घाबरले होते."

"माहीत आहे. तेव्हा आपण सगळेच घाबरलो होतो."

तो खोटं बोलला असता तर निदान भांडता तरी आलं असतं. तिने फडकं टेबलावर टाकलं आणि त्याला जायला सांगितलं.

पुढच्या कार्यक्रमात तिने तो भाग तिला हवा तसाच, सावकाश वाजवला. लोक उभे राहिले, टाळ्या थांबेनात. तिला वाटलं, पोचलं. मग बाहेर सहीसाठी रांग लागली, आणि प्रत्येकाच्या हातात तीच जुनी रेकॉर्ड. एक संगीतशिक्षिका कौतुकाने सांगू लागल्या, की त्यांचे विद्यार्थी याच रेकॉर्डवरून शिकतात, त्या जागी गज अगदी तसाच पळवतात.

"त्यांना सांगा, तिथे पळू नका," ताई म्हणाली. "ती माझी चूक होती."

बाई हसल्या. एवढा मोठा कलाकार आणि किती हा विनय, असं त्यांनी शेजारच्याला सांगितलं आणि पेन पुढे केलं. ताईने सही केली. इतकी दाबून, की कव्हर फाटलं.