माजिदाची करंगळी

माजिदाचे हात इतके लहान, की बांगडीवाला तिला पाहिलं की शाळकरी पोरींच्या मापाच्या बांगड्या पुढे करायचा. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं. घरात गिटार आली तेव्हा मात्र पहिल्यांदा तिला आपल्या हातांचा राग आला.

गिटार आणली तिच्या नवऱ्याने, फारुखने. तो देवळालीच्या छावणीत साहेबांचं फर्निचर दुरुस्त करायचा. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाने मान निखळलेली गिटार त्याच्या हाती दिली आणि जळणाला घे म्हणून सांगितलं. फारुखने सरस लावून मान बसवली, नव्या तारा चढवल्या आणि कोकणीपुऱ्यातल्या घरी बायकोपुढे ठेवली. माजिदाने एक तार छेडली. तो घुमारा थेट पोटात उतरला.

"अहो, मी शिकणार हे," ती म्हणाली. "आणि बेगमच्या हळदीला वाजवणार."

बेगम म्हणजे तिची धाकटी नणंद. ती तर उडीच मारून उठली. "भाभी, अगदी बोलपटासारखं होईल!" सासू गुलजारबी तांदूळ निवडता निवडता हसली. लेकीच्या लग्नासाठी तिने स्वतः एक गाणं रचलं होतं. मोहल्ल्यातल्या कुठल्याही लग्नात तिच्या आवाजाशिवाय गाण्याला सुरुवात होत नसे. आवाज जाड, भरदार, पुरुषालाही लाजवील असा.

शिकवायला मिळाली फिलोमिनाबाई. गोव्याची, तिचा नवरा छावणीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. फारुख कामाला निघाला की माजिदा गिटार चादरीत गुंडाळून त्याच्याबरोबर टांग्यात बसायची. गाण्याला तीन कॉर्ड, म्हणजे तारा दाबून एकदम वाजवायचे तीन स्वरमेळ, लागत होत्या. दोन लवकर बसल्या. तिसरीने छळ मांडला. मानेवर आडवे पितळी पडदे असतात, दोन पडद्यांमधली जागा म्हणजे घर. पहिलं बोट मानेच्या टोकाशी, पहिल्या घरात, आणि करंगळी पार चौथ्या घरात, तीही सगळ्यात जाड तारेवर! करंगळी ताणावी तर पहिलं बोट सुटायचं, ते दाबावं तर करंगळी हवेत.

"बाई, माझ्या हातात नाहीच हे," एके दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"हात मोठा होणार नाही," फिलोमिनाबाई म्हणाली. "मग घरं लहान करू या."

तिने टेबलावरची पेन्सिल घेतली, तारांवर आडवी ठेवली आणि मानेभोवती दोरीने करकचून बांधली. पाचव्या पडद्यावर. तिथून पुढची घरं अरुंद होती. माजिदाने तीच कॉर्ड तिथे धरली. करंगळी पोचली! तार स्वच्छ वाजली. ती इतक्या जोरात ओरडली, की शेजारची मेमसाहेब खिडकीतून डोकावली.

घरी येताच तिने गुलजारबीला गायला बसवलं. दोन ओळी झाल्या आणि गुलजारबी ठसकली. पेन्सिलीने स्वरही वर चढवून ठेवला होता.

"दुल्हन," ती सुनेला म्हणाली, "माझा गळा म्हणजे काय चिमणीचा आहे? खाली घे की जरा."

खाली घ्यायचं म्हणजे पेन्सिल मानेच्या टोकाकडे खाली सरकवायची, म्हणजे घरं पुन्हा रुंद. आता माजिदाला चेवच चढला. पेन्सिल एक घर खाली आली. तिथे हात बसला की आणखी एक. फिलोमिनाबाईने सांगितलं होतं, आधी करंगळी ठेव, मग बाकीची बोटं मागे आण. आणि अंगठा मानेच्या पाठीशी खाली सोड, मग पंजा उघडतो. तवा तापेपर्यंत माजिदा लाटण्यावर बोटं ताणून बघायची. बोटांची टोकं आधी सोलली, मग घट्ट झाली. बेगम रोज सकाळी विचारायची, "भाभी, पेन्सिल कुठवर आली?" जसं काही वरातच येत होती.

हळदीच्या दिवशी पेन्सिल दुसऱ्या पडद्यावर होती. तेवढ्यावर गुलजारबीला कसंबसं गाता येत होतं. पण त्या दिवशी पाहुण्यांना हाका मारून मारून तिचा घसा बसला. ऊन कलताना अंगणात सतरंज्या पडल्या, बायका दाटीने बसल्या, पिवळ्या ओढणीतली बेगम मधोमध. गुलजारबीने सूर लावला आणि तो मधेच फाटला.

"आणखी खाली घे, पोरी," ती कुजबुजली. "नाहीतर राहू दे. ढोलकीवर म्हणते."

माजिदाने बेगमकडे पाहिलं. बेगमचा चेहरा उतरला होता. तिने दोरीची गाठ ओढली, पेन्सिल काढून बाजूला ठेवली आणि तारा पुन्हा जुळवून घेतल्या.

"म्हणा अम्मी."

पहिली कॉर्ड, दुसरी कॉर्ड. मग तिसरी. करंगळी आधी टाकली, बोटं मागे खेचली, पण एक तार नुसतीच खरखरली. कुणीतरी खुदकन हसलं. गुलजारबी थांबली नाही. तिने तीच ओळ पुन्हा घेतली, खालच्या, आपल्या हक्काच्या सुरात. या वेळी माजिदाने अंगठा आणखी खाली सोडला, कोपर पुढे काढलं. करंगळी ताणली गेली, ताणली गेली आणि बरोब्बर चौथ्या घरात जाऊन बसली. सहाही तारा एकदम बोलल्या.

"वाह!" फिलोमिनाबाई मागून ओरडली. ती नवऱ्याला घेऊन खास आली होती.

मग काय विचारता! गुलजारबीचा आवाज मोकळा झाला, बायकांनी ध्रुवपद उचलून धरलं, टाळ्यांनी अंगण दणाणलं. तिसरी कॉर्ड येत होती, जात होती आणि दर वेळी माजिदा तिची वाट बघत होती. कधी एकदा ती जागा येते आणि कधी बोटं पसरते, असं तिला झालं होतं. दारात फारुख लाडूंचं ताट हातात धरून उभा होता, वाटायचं विसरून.

गाणं संपलं तेव्हा माजिदाच्या करंगळीला कळ लागली होती. ती हात झटकून हसत होती, तेवढ्यात बेगमने हळदीच्या हातांनीच तिचा दंड धरला.

"भाभी, आता दुसरं!"

"दुसरं मला येतंच नाही गं!"

"मग मी म्हणते, तू शोध," बेगम म्हणाली आणि सुरूही झाली. माजिदाने गिटार मांडीवर ओढली आणि कान देऊन पहिला सूर शोधू लागली.