ब्याऐंशी अंश

मी गाडीचा थर्मोस्टॅट काढला त्या दिवसापासून आमच्या घरात काहीही तापेनासं झालं. मे महिना होता आणि आम्ही अकोल्यात राहतो, त्यामुळे सुरुवातीला याबद्दल कोणी तक्रार केली नाही.

गाडी उकळली ती बोरगाव मंजूजवळ. माझ्या बायकोला, कुमुदला, तीन आठवडे बारीक ताप येत होता आणि अमरावतीच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला, बॉनेटमधून वाफ निघाली. मी गाडी बाभळीखाली घेतली आणि बॉनेट उघडून आत पाहत राहिलो.

"काय दिसतंय?" कुमुदने विचारलं.

"वाफ."

"ती मलाही दिसते. जन्म पुस्तकात गेला तुमचा. वाफ दिसली की काय करायचं, हे कुठे वाचलं नाही?"

"थांबायचं."

"ते तुम्हाला चांगलं जमतं."

दर तीन-चार किलोमीटरवर पाणी घालत आम्ही परत आलो. गॅरेजमध्ये जाणं मला नेहमीच अवघड वाटतं. तिथे लोक प्रश्न विचारतात आणि मला उत्तरं येत नसतात. शिवाय रेडिएटर बदलायला सांगितला असता तर ते पेन्शनीत बसलं नसतं. माझ्याकडे कॉलेजच्या ग्रंथालयाने बाद केलेलं मोटार दुरुस्तीचं एक जुनं पुस्तक होतं. मुखपृष्ठ नव्हतं, पण इंजिन गार ठेवण्याचं प्रकरण शाबूत होतं. ते मी दोनदा वाचलं आणि सकाळी अंगणात कामाला लागलो.

झाडांना पाणी घालायचा पाइप लावून रेडिएटर धुतला. आधी चहाच्या रंगाचं पाणी आलं, मग नितळ. रेडिएटरच्या तडकलेल्या रबरी होजवर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मग इंजिनावरच्या झाकणाचे दोन बोल्ट काढले. आत थर्मोस्टॅट होता, पितळी, रुपयापेक्षा थोडा मोठा. त्याच्यावर ८२ असं कोरलेलं होतं. ब्याऐंशी अंशाला तो उघडायला हवा आणि गरम पाणी रेडिएटरकडे जायला हवं. हा गंजून मिटला होता.

शेजारचे गावंडे कुंपणावर रेलून पाहत होते. त्यांनी एसटीच्या वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली आहेत.

"काय करून राह्यले, सर?"

मी सांगितलं.

"काढा अन् फेका. अकोल्यात थर्मोस्टॅट कायले पाह्यजे? थे थंड्या मुलकातल्या लोकायचं काम आहे."

मला काही फेकवत नाही. मी तो वाटीभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला आणि झाकण तसंच बसवलं. गाडी सुरू केली. अर्धा तास झाला तरी काटा खालच्या रेघेवरून हलला नाही. माझ्या हातून आयुष्यात दुरुस्त झालेली ही पहिलीच वस्तू. मी हात पुसत घरात गेलो. कुमुदने गॅसवर चहा ठेवला होता. ज्योत निळी आणि मोठी होती, पण चहाला उकळी येत नव्हती. पाऊण तासाने आम्ही तो कोमट प्यालो.

पुस्तकात एक वाक्य होतं: 'थर्मोस्टॅट नसल्यास पाणी सारखे फिरत राहते व इंजिन आपल्या योग्य तापमानास कधीच पोचत नाही.' मी ते वाचलं होतं. ते फक्त इंजिनाबद्दल असावं असं मला वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोळ्या फुगल्या नाहीत. पेटत्या गॅसवरच्या तव्यावर तळहात ठेवता येत होता. फाटकाबाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि फाटकाच्या आत दिवाळीतली सकाळ होती. आम्ही कूलर बंद केला. दुपारी कुमुदने थर्मामीटर तोंडातून काढून उजेडात धरला. साडेअठ्ठ्याण्णवलाही एक रेघ कमी.

"उतरला," ती म्हणाली. "आता अमरावतीला कशाला जायचं?"

मला वाटलं, हे मी केलं. असं वाटण्याची मला सवय नाही, म्हणून मी ते दोनदा तपासून पाहिलं. तरी ते खरंच होतं.

तिसऱ्या दिवशी गावंडे आपली खुर्ची घेऊन आले आणि हॉलमध्ये बसले. मागोमाग त्यांचा भाऊ उत्तम आला. कडुनिंबाच्या एका फांदीवरून दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते. आता शेजारी शेजारी बसले.

"फांदी तोडू का?" उत्तमने विचारलं.

"राहू दे," गावंडे म्हणाले.

"बरं."

मग गल्लीतले बाकीचे आले. कोणी सतरंजी आणली, कोणी नुसतंच आलं. कोणी गोंगाट करत नव्हतं. एक जण काही म्हणाला की बाकीचे 'बरोबर आहे' म्हणत. संध्याकाळी कोणी घरी गेलं नाही. "तिकडं जाऊन काय करायचं?" असं गावंडे म्हणाले, आणि ते बरोबर होतं. शुक्रवारपर्यंत खुर्च्या स्वयंपाकघरापर्यंत आल्या. मला आडवं होऊन, पोट आत घेऊन ओट्याकडे जावं लागे. पुस्तकांच्या कपाटासमोर पाच जण बसले होते. ते सरकले असते, पण त्यांना सरकायला सांगण्याइतकं मला काही वाचायचं नव्हतं.

कुमुदचा पारा रोज एकेक अंश उतरत होता. सत्त्याण्णव. शहाण्णव. रविवारी तो खालच्या फुग्यातून बाहेरच आला नाही. तिला काही दुखत नव्हतं. ती खिडकीशी बसून हसऱ्या चेहऱ्याने समोर पाहत असे.

मी मुद्दाम रव्याचा डबा पाडला.

"पडला का?" ती म्हणाली. "असू दे."

मी शर्ट उलटा घालून तिच्यासमोर उभा राहिलो.

"छान दिसतो."

"कुमुद, मला काहीतरी बोल ना."

"काय बोलू? तुम्ही सांगाल ते बोलते."

चव्वेचाळीस वर्षं तिने माझं एक वाक्य दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नव्हतं. मी कुठे आहे, हे मला त्यावरून कळत असे. मला भीती वाटली. पण भीतीही कोमटच होती, ती वाढत नव्हती.

सोमवारी सकाळी मी व्हिनेगरमधून थर्मोस्टॅट काढला. गंज गेला होता. पुस्तकात लिहिलं होतं की परत बसवण्याआधी तो दोऱ्याने पातेल्यात लोंबकळत सोडावा, पाणी तापवावं आणि तो उघडतो का ते पाहावं. मी पातेलं गॅसवर ठेवलं. दोन तासांनी पाणी बाळाच्या अंघोळीचं झालं, त्यापुढे गेलं नाही. थर्मोस्टॅट मिटलेलाच होता. तो अजून अडकलेला होता की नुसता वाट पाहत होता, हे कळायला मार्ग नव्हता.

नवा घ्यावा म्हणून मी हॉलमध्ये, गाडीचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानदाराजवळ गेलो. तो गुरुवारपासून टीव्हीशेजारी बसला होता.

"दुकान उघडाल का पाच मिनिटं?"

"उघडू की," तो म्हणाला, आणि बसून राहिला.

गावंड्यांनी माझ्या हातात काय आहे ते पाहिलं. "सर, राहू द्या. चांगलं चालू आहे. थे बसवलं अन् उघडलंच नाई, तं वहिनीचा ताप कुठं जाईन, मालूम आहे?"

"माहीत आहे."

"मंग?"

मी कुमुदकडे गेलो. "हा बसवू का?"

"तुम्हाला वाटेल तसं करा," ती म्हणाली.

तेव्हा ठरलं.

घरात जागा नव्हती, म्हणून मी तिला गाडीत पुढच्या सीटवर नेऊन बसवलं. ती निमूट आली. मी झाकण उघडलं. थर्मोस्टॅटची स्प्रिंग इंजिनाकडे करायची. मी तो बसवला, काढून पाहिला, परत तसाच बसवला. बोल्ट आवळले, पाणी भरलं, गाडी सुरू केली आणि बॉनेटसमोर येऊन उभा राहिलो.

काही मिनिटांनी घरात एक खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"फांदी तोडू का म्हंते! अकरा वर्स पाला माह्या कूलरात पडू देला, अन् आता इचारते!"

"माह्या बापाचं झाड आहे थे!"

"तुह्या बापाचं? अन् माहा बाप कोन होता?"

लोक घाम पुसत बाहेर पडू लागले. चपलांवरून भांडण झालं. दुकानदार किल्ल्या शोधत धावत गेला. खुर्च्या फाटकात अडकल्या, मग सुटल्या. अंगणात ऊन उतरलं, खरं अकोल्याचं ऊन. माझ्या मानेला ते चावलं आणि मला फार बरं वाटलं.

"अहो," कुमुद म्हणाली.

"काय?"

"शर्ट उलटा आहे. गल्लीभर असेच फिरलात ना? लोक म्हणत असतील, हिचं लक्ष नाही नवऱ्याकडे."

"दोनच दिवस झाले."

"दोन दिवस! आणि वर सांगताय! ओट्याखाली तो रवा तसाच पडलाय, मुंग्यांना आमंत्रण दिलंय का? आणि व्हिनेगरची वाटी कुठली घेतली? देवाच्या नैवेद्याची ना? मला माहीतच होतं."

मी हसत होतो. तिच्या कपाळाला हात लावावासा वाटला. मध्ये काच होती आणि मी बॉनेटच्या पलीकडे होतो, पण हात पोचला. कपाळ माणसाचं असतं तसं होतं. मी उजवा हात तिथेच ठेवला. दुसऱ्या हाताने वरचा होज धरला. थर्मोस्टॅट उघडला की गरम पाणी त्यातून जातं आणि होज एकदम तापतो, असं पुस्तकात होतं.

काचेतून काटा दिसत होता. तो मधल्या रेघेवर आला. आता उघडायला हवा.

"काय धरून उभे आहात?"

"होज."

"सोडा तो आणि इकडे या. मला काय काय विचारायचंय तुम्हाला."

"विचार ना. ऐकू येतंय."

ती विचारू लागली. काटा मधली रेघ ओलांडून पुढे गेला. तिचं कपाळ नव्व्याण्णव झालं, मग शंभर. मला थर्मामीटर लागला नाही. गाडीची किल्ली तिच्या गुडघ्याशी होती. मी नुसतं 'बंद कर' म्हटलं असतं तर तिने बंद केली असती, आणि मग पुन्हा थंड होऊन नुसतं 'बरं' म्हणाली असती.

मी म्हटलं नाही. ती बोलत होती, मी मान डोलवत होतो. काटा लाल रेघेला टेकला. माझा उजवा तळहात भाजू लागला होता, आणि डाव्या हातातला होज अजून गार होता.