निळ्या शर्टावरचा डाग

मी एक जुनी इस्त्री आहे. माझी मूठ एका बाजूने तडकली आहे आणि वायरला दोन ठिकाणी चिकटपट्टी आहे. पण मित्रांनो, माझा तळ अजून आरशासारखा आहे. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. माझ्यावर एक आळ आहे, म्हणून सांगते.

कारखान्यातून निघाले ती या दोन खोल्यांच्या घरात आले. आई, मोठा मुलगा आणि धाकटी मुलगी. मुलगा मला फार जपायचा. बहिणीच्या शाळेच्या गणवेशाला इस्त्री तोच करायचा. टेबलावर जुनी चादर चौपदरी अंथरायची, आधी कॉलर, मग बाह्या. शेजारीण म्हणायची, "काय घडी आहे! नाहीतर आमचा दिवटा!" तेव्हा त्याच्याइतकाच मलाही अभिमान वाटायचा.

मग त्याची नोकरी गेली. वर्षभर तो मुलाखती देऊन हात हलवत परत येत राहिला. त्याच सुमारास बहिणीला औषधांच्या कंपनीतून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिने मुद्दाम फिक्या निळ्या रंगाचा साधा शर्ट शिवून घेतला.

"चला, घरात कमावतं कोणीतरी होईल," आई म्हणाली. ती सहज बोलून गेली, पण तो तिथेच उभा होता.

मुलाखतीच्या सकाळी तो बहिणीला म्हणाला, "दे इकडे, मी करतो. तू खाऊन घे नीट."

त्याने माझी चकती शेवटच्या खुणेपर्यंत फिरवली, मला शर्टाच्या छातीवर ठेवलं आणि हात तसाच दाबून खिडकीबाहेर बघत राहिला. तो मला उचलेल म्हणून मी वाट पाहत होते. वास आला. धूर निघाला. मग तो ओरडला, "अगं, ही इस्त्रीच बिघडलीये!"

वेळ उरला नव्हता. धड म्हणावा असा दुसरा एकच पोशाख होता, समारंभात घालायचा, टिकल्यांचा. तोच घालून ती गेली.

परत आल्यावर आईला म्हणाली, "त्यांनी पहिलंच विचारलं, 'इथून परस्पर लग्नाला जायचंय का?' सगळे हसले. पुढची उत्तरं येत होती गं मला, पण तोंडच उघडेना."

"मेली इस्त्री!" असं म्हणत आईने मला कॉटखाली ढकललं.

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना मुलीने मला बाहेर काढलं. मला तापवून एक पांढरा रुमाल माझ्याखाली घेतला. तो स्वच्छ निघाला, पिवळी झाकसुद्धा नाही. तिने त्याची नीट घडी घातली. भाऊ आला तेव्हा तिने ती घडी त्याच्यासमोर ठेवली.

"अगं, काल माझं जरा लक्ष..."

"दादा, मी काही विचारलंय का?"

तेव्हापासून तो मला हात लावत नाही. चुरगळलेल्या कपड्यांत हिंडतो. दोघं कामापुरतं बोलतात. आई अजून मलाच नावं ठेवते, आणि खरं काय ते तिला दोघांपैकी कोणीच सांगत नाही.

मित्रांनो, आम्हां वस्तूंना जपा. आमच्याकडून काही बिघडलं तर जरूर रागवा. पण आपल्या मनातली जळजळ आमच्या तळाला चिकटवू नका. आम्हांला आमची बाजू मांडता येत नाही.

मुलीने दुसरा शर्ट शिवला आहे. पुढच्या महिन्यात दुसरीकडे मुलाखत आहे. तो शर्ट ती कपाटात ठेवते, कपाटाला कुलूप लावते आणि किल्ली गळ्यात अडकवते. स्वतःच्याच घरात.