पाणी न दिलेली सुरी

हे कुणी खरं मानायचं नाही, असं आधीच बजावून वना लोहाराने गोष्ट काढली. भट्टीपुढे चार माणसं बसली होती. पाचवं कुणीतरी मागे अंधारात येऊन टेकलं, तिकडे त्याचं लक्ष नव्हतं.

गोष्ट वीस वर्षांमागची, शालिग्राम पाटलाच्या लग्नाची. हळद लागली की नवरदेवाच्या हाती सुरी द्यायची. अक्षता पडेपर्यंत ती सुटली नाही तर बाहेरचं काही अंगाला लागत नाही. ती सुरी वनाने घडवली. तापवून पाण्यात बुडवायची तेवढी राहिली होती, आणि त्या पाण्याशिवाय लोखंड मऊच, मऊ सुरी हातात असून नसल्यासारखी. तेवढ्यात पाटलाचा माणूस दारात उभा. अजून झाली नाही म्हणायची वनाची छाती झाली नाही. वरवर घासून, चकचकीत करून त्याने ती देऊन टाकली.

सकाळी वऱ्हाडाच्या गाड्या दोंडाईचाच्या वाटेला लागल्या. वाटेत खिंड होती, खिंडीत चिंच. भर दुपारी तिथे हडळ उतरते. मागल्या साली असाच एक नवरदेव रिकाम्या हाताने गेला, तिसऱ्या दिवशी त्याला नेऊन जाळलं. आता शालिग्रामचा जीव गेला तर तो वनाच्याच हातून.

डोक्यावर निखाऱ्यांचं मडकं, खांद्यावर भाता घेऊन वना शेतांमधून धावत सुटला. खिंडीत गाठलं तेव्हा बैल खिळल्यासारखे उभे, तोंडाला फेस. ऊन माथ्यावर, कुणाचीच सावली पायाबाहेर नव्हती. चिंचेखालून मात्र एक सावली लांब होत होती, मोकळ्या केसांसारखी.

सुरी नवरदेवाच्या हातातून सोडवायची सोय नाही. म्हणून वनाने हातासकट ती मडक्यावर धरली, भाता मारला. पातं लाल झालं, पण गाडीतली पाण्याची पखाल कोरडी ठणठणीत. तोवर सावली चाक चढून शालिग्रामच्या गुडघ्यावर आली होती, पौषातल्या विहिरीसारखी गार. वनाने डोळे मिटले आणि लालबुंद पातं त्या सावलीतच बुडवलं. चर्र झालं, वाफ उठली, चिंचेवर कुणीतरी हुंदका दिला. मग बैल चालू लागले.

भट्टीपुढे एकाने पाय जवळ ओढून घेतले. सांगता सांगता वनाच्याही गुडघ्यावर काटा आला होता.

मागचा माणूस उठला. शालिग्राम पाटीलच होता तो. उद्या पोराला हळद लागायची, तीच सुरी उजळून न्यायला आला होता. त्याने सुरीवरचं फडकं सोडलं, टोक ऐरणीवर टेकवलं आणि अंगठ्याने दाबलं. पातं वाकलं. वाकलं ते वाकलेलंच राहिलं.

"वनाभाऊ," तो हळूच म्हणाला, "हिले आजून पाणीच नही शे. त्या दिन तू आमना मांगे खिंडीत उनाच नव्हता."