येर्नारच्या पायातला दोर

तेरेक्ती गावाने दामेलीला सगळं दिलं होतं. शाळेसमोर तिचं दगडी तोंड उभं केलं होतं, छातीपर्यंत, फौजी टोपीसकट. विजयदिनाला पहिल्या रांगेतली खुर्ची तिची. लग्नाला गेली तर खुब्याच्या हाडाचं मानाचं मांस तिच्या ताटात. शाळेतली पोरं दर वर्षी तिच्यावर निबंध लिहायची आणि लपून बसून तिने किती जर्मन टिपले तो आकडा पाढ्यासारखा घोकायची. तो आकडा इथे सांगत नाही. ज्याला त्याला तोच हवा असतो.

एक गोष्ट मात्र गावाने तिला चाळीस वर्षांत दिली नव्हती. एखाद्या पोराचा दोर.

पोर पहिली पावलं टाकायला लागलं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधायचा आणि कुणाच्या तरी हातून तो कापून घ्यायचा. ज्याचा हात, त्याचा गुण. पोर त्याच्यासारखं निघतं. म्हणून घरोघरी यावर खल चालतो, भांडणं होतात, सासू-सुना अबोला धरतात.

तेरेक्तीत आजवर कुणाकुणाला बोलावलं गेलं! नऊ पोरांची आई कुलझिपा, तिला तर हक्कानेच. ढोरांची डॉक्टर बीबीनूर. टपालवाला, का तर तो झपझप चालतो. कोठारावरचा सापारबेक सगळ्या गावाचं धान्य विकून खायचा, त्यालाही बोलावलं, का तर त्याच्या दारात मोटार होती. पोर चोर निघालं तरी चालेल, उपाशी तर राहणार नाही. आणि जिचं तोंड दगडात कोरलं, तिच्यासारखं मात्र एकाही आईला आपलं पोर नको होतं. मखरात बसवायला दामेली, घरात घ्यायला सापारबेक!

हे कुणी बोलत नसे. दामेलीही बोलत नसे. पण कुणाचं पोर कुंपणाला धरून उभं राहायला लागलं, की ते तिला आजीच्याही आधी कळायचं. मग ती पांढरा रुमाल धुऊन दोरीवर टाकायची, नखं कापायची, आणि दाराकडे कान लावून बसायची. आवतण यायचं. पण नुसतं जेवायचं.

लग्न तिचं झालं नाही. युद्धावरून परतली तेव्हा पोरगीच होती, पण मागणी घालायला कुणी आलं नाही. पुरुषांत राहिलेली पोर, तीही बंदूकवाली. दुकानाच्या पायरीवर बसून पुरुष म्हणायचे, "त्या बाईशी भांडून पळणार कुठवर?" आणि खो-खो हसायचे. तिच्या कानावर यायचं. तीही हसायची. दुसरं काय करणार?

केल्याचा पश्चात्ताप तिला नव्हता. जर्मन रणगाडे घेऊन दुसऱ्याच्या देशात आले होते, जेवायला नव्हते आले. पुन्हा आले तर पुन्हा टिपेन, असं ती म्हणायची. पण एक गोष्ट तिने भाषणात कधी सांगितली नाही, आणि कुणी विचारलीही नाही. तोफवाल्याला आपण कुणाला मारलं ते कळत नाही. तिला कळायचं. बंदुकीवरच्या दुर्बिणीत माणूस समोर चहाला बसल्याइतका जवळ यायचा. याने आज दाढी केलीय. याला खोकला झालाय. हा आत्ता कशावर तरी हसला. गावाला आकडा पाठ होता. तिला तोंडं पाठ होती.

यंदा वसंतात शेजारच्या कुलझिपाचा नातू येर्नार पहिलं पाऊल टाकता झाला, तेही दामेलीच्या अंगणात. कुंपणाच्या फटीतून रांगत आला, तिच्या बादलीला धरून उभा राहिला, बादली सोडली, आणि डुलत डुलत येऊन तिच्या गुडघ्यावर आपटला. दामेलीचे हात ओल्या कणकेने भरलेले. तसेच वर धरून ती नुसती बघत राहिली. पोराने तिच्या झग्यात तोंड पुसलं.

त्या दिवसापासून तिला वाटायला लागलं, या खेपेला बोलावतील. कसे नाही बोलावणार? पोर स्वतः चालत आलं होतं.

दोन दिवसांनी कुलझिपा आली. बसली. वाटीभर चहा प्यायली, दुसरी घेतली, सांधेदुखीला शिव्या दिल्या.

"शुक्रवारी दोर कापायचाय पोराचा," ती म्हणाली, आणि लाडाच्या नावाने हाक मारली. "ये हं दामेश. बकरं कापतोय."

"कापणार कोण?"

"सापारबेक कापेल ना, दुसरं कोण!"

"दोर गं."

कुलझिपाने वाटीत बघितलं. "सूनबाईचं मन बीबीनूरवर आहे. हिच्या माहेरची गाय वाचवली होती म्हणे तिने. आजकालच्या सुना, तुला ठाऊकच आहे. आमच्या वेळी सासू बोलली की संपलं."

"चांगली आहे बीबीनूर," दामेली म्हणाली. "हात हलका आहे तिचा."

"तुला राग नाही ना आला?"

"मला कसला राग? चहा घे."

कुलझिपा गेल्यावर दामेलीने दोरीवरचा रुमाल ओला होता तसाच काढला आणि पेटीत कोंबला.

पण बुधवारी कुलझिपा पुन्हा आली, आणि या वेळी तिच्या हातात बावरसाकांची, म्हणजे तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, थाळी होती. थाळी घेऊन कुलझिपा आली म्हणजे काम मोठं, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

"दामेश, तूच काप बाई दोर. ठरलं आमचं."

दामेलीने विचारायला हवं होतं, का गं, सूनबाईचं मन दोन दिवसांत कसं फिरलं? माणूस टिपताना वारा कुठून वाहतो ते ती आधी बघायची. पण चाळीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते दारात आलं, तर वारा कोण बघतो? ती एवढंच म्हणाली, "सुरी तुमची की माझी आणू?"

खरी गोष्ट अशी होती. युद्ध जिंकल्याला चाळीस वर्षं होत होती. राजधानीतून वर्तमानपत्राचा फोटोवाला येणार होता. पक्षाच्या जिल्हा कचेरीतला झाक्सिलिक नावाचा अधिकारी त्याला काय दाखवावं या विवंचनेत होता, तेवढ्यात त्याला कुणीतरी या दोराचं सांगितलं. वीरांगनेच्या हातून नव्या पिढीचं पहिलं पाऊल! लगेच त्याने कुलझिपाच्या मुलाला बोलावलं. मुलगा त्याच्याच गाडीवर ड्रायव्हर, आणि घरासाठीचा त्याचा अर्ज झाक्सिलिकच्याच टेबलावर. झालं. रात्रीत सुनेचं मन फिरलं. सुनेला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी दामेली पदकं लावून आली. पाऊल तिचं नवरीसारखं पडत होतं. अंगणात सतरंजी अंथरलेली, सफरचंदाच्या फुलांचा सडा पडलेला, एका कोपऱ्यात चहाचं पाणी उकळणारा समोवार धुमसतोय. झाक्सिलिकने भाषण ठोकलं. आकडा दोनदा सांगितला. फोटोवाला म्हणाला, "आपा, जरा उजेडाकडे तोंड करा. पदकं दिसू द्या."

सून रौशान पोराला पुढ्यात धरून खाली बसली होती आणि त्याच्या पायांना दोर बांधत होती. बांधत होती, म्हणजे बांधतच होती. एक गाठ मारली. ती सोडली. पुन्हा मारली. वर एकदाही बघितलं नाही.

दामेली सुरी घेऊन वाकली, आणि रौशानचं तोंड तिला दिसलं. अगदी जवळून.

माणूस श्वास रोखतो तेव्हा त्याच्या गळ्यात काय होतं, हे तेरेक्तीत तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. तिने सुरी थांबवली.

"सूनबाई, मला तू बोलावलंस का?"

"आपण सगळ्यांनीच बोलावलं, कॉम्रेड दामेली," झाक्सिलिक मागून म्हणाला. "जनतेने."

"जनतेला नाही विचारलं मी. जनतेच्या पायाला दोर नाही बांधलेला. रौशान?"

कुलझिपा कुजबुजली, "हो म्हण गं, मेले, हो म्हण." ती कुजबूज अंगणभर ऐकू गेली.

"नाही, आपा," रौशान म्हणाली.

कुलझिपाने कपाळाला हात लावला.

"माझा भाऊ तिकडे अफगाणिस्तानात आहे," रौशान म्हणाली. आधी तिचा आवाज फाटला, मग नीट लागला. "तिकडच्या डोंगरात दगडामागे कुणीतरी पडून असेल, आपा. तुम्ही पडून असायचात तसं. माझ्या भावाकडे बघत असेल. तो हसतो कसा, पाणी पितो कसा. आणि टिपलं त्याने, तर त्याच्या गावातही मिठाई उधळतील. त्याचंही तोंड दगडात कोरतील. तुम्ही वाईट आहात असं नाही म्हणत मी. येर्नार तुमच्याकडे येतो, मी कधी अडवलं का? पण माझं पोर दगडामागे पडलेलं नको मला. आणि दगडासमोर उभं राहिलेलंही नको."

"थोबाड बंद कर!" तिचा नवरा ओरडला.

म्हातारा ओराझ काठी आपटत पुढे झाला. त्याचा एक पाय युद्धातच गेलेला. "कालची पोर तू, तुला काय कळतं? हिच्यासारख्या पोरी आमच्या पाठीशी झुडपात पडून होत्या म्हणून मी आज जिता आहे. त्यांची मशीनगन हिच्यासारख्या एकीनेच बंद पाडली. जिचे हात धुऊन ते पाणी प्यावं असली बाई आहे ही!"

"मग, ओराझ," दामेली त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या घरी एवढी नातवंडं झाली. एकाचा तरी दोर कापायला बोलावलंस मला?"

ओराझने काठी खाली टेकवली.

"ओराझ, तू खोटं नाही बोललास. ही पण खोटं नाही बोलली. तुझं खरं तुम्ही सगळ्यांनी शाळेसमोर उभं केलंत, आणि हिचं खरं घरात झाकून ठेवलंत. बाकी काही नाही."

सुरी अजून तिच्या हातात होती. पोर दोन्ही पाय जोडून उभं, आईच्या बोटांना धरून, आणि दामेलीच्या पदकांकडे बघून हसत होतं. एक घाव. कुणी अडवलं नसतं. अधिकारी तिच्या बाजूचा, रौशानचा नवरा तिच्या बाजूचा, सासू तर देवाची प्रार्थना करत होती की काप बाई एकदाची. दोर कापला की कापला, मग तो पुन्हा जोडता येत नाही. जन्मभर गावात एक तरी माणूस असा चालला असता, ज्याच्याकडे बोट दाखवून तिला म्हणता आलं असतं, याचा दोर माझ्या हातचा. तिच्या मनगटाला ते हवं होतं. तहान लागावी तसं हवं होतं.

"बीबीनूर," तिने हाक मारली, "ये इकडे."

ढोरांची डॉक्टर बायांच्या मागे लपली होती. तिला ढकलत पुढे आणलं. दामेलीने सुरीची मूठ तिच्याकडे केली.

"आणि माझा फोटो?" फोटोवाला म्हणाला.

"शाळेसमोर जा. दगडाचा काढ. तो पापणीही हलवत नाही."

मग ती बायांच्या रांगेत जाऊन बसली, आणि दोर कापताना तिकडे बघितलं नाही. सूर लावून आशीर्वाद म्हटला गेला, मिठाई उधळली, पोरं गोळ्यांवर तुटून पडली, येर्नार कुणाच्या तरी फरच्या टोपीकडे धावला आणि तोंडावर पडला, सगळे हसले. दामेलीही हसली. तिच्या ताटात खुब्याचं हाड आलं. तिने ते चाटूनपुसून खाल्लं, कारण मांस चांगलं होतं, आणि उठून घरी आली.

उन्हं उतरायच्या आत रौशान आली. एका काखेत येर्नार, दुसऱ्या हातात मेजवानीतलं घरी न्यायचं बांधलेलं अन्न. डोळे सुजलेले. घराचा अर्ज गेला असणार, आणि घरात काय ऐकावं लागलं ते विचारायची गरज नव्हती.

"हे तुमच्या वाट्याचं, आपा. रागावलात?"

"बस. चाळीस वर्षांत मला उत्तर देणारी तूच पहिली. बाकीचे सगळे टाळ्या वाजवतात." दामेलीने चहात दूध घातलं. मग विचारलंच. "एका घावात तुटला का दोर?"

"नाही. बीबीनूर आपांचा हात थरथरत होता. तीनदा फिरवावी लागली सुरी."

"मी एकाच घावात..."

ती थांबली. रौशाननेही वाटी खाली ठेवली. दोघींनी ते एकदमच ऐकलं होतं. दामेलीने आपल्या हाताकडे पाहिलं. साठी उलटली होती, बोटांचे सांधे सुजले होते, तरी हात जरासुद्धा हलत नव्हता.

"हो ना," ती हळूच म्हणाली. "म्हणूनच ना."

रौशान उठून गेली नाही. तिने दामेलीची वाटी उचलली आणि तिच्यात आपल्या हाताने चहा ओतला.

येर्नार आईच्या मांडीवरून घसरला, उंबरा ओलांडून अंगणात गेला, कोंबडीमागे लागला, आणि तिथून फाटकाकडे निघाला. पाय मोकळे. फाटकापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे कुरण, आणि ते पोर थांबायचं नाव घेईना. लांब जाणाऱ्या माणसाकडे बघताना दामेलीचा डावा डोळा आपोआप मिटायचा, चाळीस वर्षं मिटत आला होता. आत्ताही तो मिटायला लागला. तिने दोन बोटांनी पापणी वर धरली, आणि दोन्ही डोळ्यांनी, पाणी येईपर्यंत, पोराकडे बघत राहिली.